मुरंब्याची बशी
नवरा समुद्रानं नेला तेव्हापासून एव्हान्थियानं गोड सोडलं होतं. तरी बेटावरच्या आपल्या खानावळीत जेवलेल्या माणसाला ती संत्र्याच्या मुरंब्याची बशी न मागता द्यायची. खाणाऱ्याच्या चेहऱ्यावरून तिला चव कळायची. यंदा सुनेनं पाटी लावली: फोनवर पाच तारे द्या, मुरंबा फुकट. "अहो आई, आधी तारे, मग बशी!" आता पाहुणे चाखण्याआधीच 'अप्रतिम' लिहीत आणि बशी तशीच टाकून बोटीकडे पळत. भरल्या बशा उचलून तिचा जीव थकला होता. त्या दुपारी जाळी विणणारा म्हातारा स्त्रातिस जेवायला आला. त्याच्याकडे फोनच नव्हता. सुनेची नजर चुकवून तिनं बशी सरकवली. पहिल्याच चमच्याला त्याचं तोंड वाकडं झालं. "वहिनी, कडू झालाय की! कुणी बोललं नाही?" खुर्ची ओढून ती त्याच्यासमोर बसली. "भावजी, आणखी काय बिघडलंय, सांगा."