ज्याचं ताट त्यानं

धुडकू मास्तरांनी टोपलीतला तिसरा पाव उचलला आणि समोरच्या सूपकडे ढुंकूनही न बघता चावायला सुरुवात केली. पाव काय, कुठल्याही बेकरीतून येतो. त्याला पोरीचा हात लागलेला नसतो, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मंगलाबाईंनी मात्र सूप संपवून वाटीच्या तळाशी चमचा फिरवायला घेतला होता. डुमसच्या किनाऱ्यावरचं एवढं मोठं हॉटेल, त्यातलं हे फ्रेंच पद्धतीचं जेवणघर, काचेपलीकडे ओहोटीचा समुद्र आणि भर दुपारच्या उन्हात चमकणारी काळी वाळू. आणि माणसं तरी किती सावकाश जेवत होती! लिंबायतच्या कामगारवस्तीतल्या त्यांच्या मेसमध्ये एवढ्या वेळात दोन पंगती उठल्या असत्या. त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, की कांदा बघा कसा परतलाय, तासभर तरी हललेली नाही पोरगी चुलीपासून.

झालं! नेमकं तेच तर मास्तरांचं दुखणं होतं. मंगलाबाईंनी कापडाच्या लूमवरच्या चाळीस कामगारांसाठी पंचवीस वर्षं पोळ्या लाटल्या, त्यात मनगटं कामातून गेली. निदान लेकीनं परक्यांसाठी चुलीपुढं उभं राहू नये, एवढंच मास्तरांना हवं होतं. वृषालीनं बँकेची परीक्षा सोडून ही वाट धरली, तेव्हा ते रागाच्या भरात बोलून बसले, की परक्यांसाठी रांधशील तोवर तुझ्या हातचा घास घेणार नाही. त्याला सहा वर्षं झाली. दिवाळीला ती घरी येऊन चार पदार्थ करायची, आणि हे कोपऱ्यात मुरमुरे खात बसायचे. जीभ चाळवायची, पण शब्द माघारी घेता यायचा नाही. आज ती या स्वयंपाकघराची मुख्य झाली, तिनं गाडी पाठवली, मंगलाबाई हट्टाला पेटल्या, म्हणून आले. तेही नुसतं बसायला.

वेटर रिकामी भांडी उचलायला आला. मास्तरांच्या ताटात पावाचा भुगा तेवढा पडला होता, पण ते दोन्ही हातांनी धरून बसले. मंगलाबाईंच्या मेसचा कायदा होता, ज्याचं ताट त्यानं धुवायचं. त्यातून मास्तरही सुटले नव्हते. आपलं उष्टं दुसऱ्यानं काढायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते उठले आणि ताट घेऊन, वेटर जिकडून येत होते त्या दाराकडे चालू लागले. मंगलाबाईंनी त्यांना थांबवलं नाही.

दार ढकललं आणि मास्तर जागच्या जागी थबकले.

तोंडावर धग आली. जाळ, वाफ, भांड्यांचा खणखणाट. पांढऱ्या कपड्यांतली दहा-बारा माणसं, जो तो आपल्या जागेवर, एकाचाही हात रिकामा नाही. आणि मधोमध लांबलचक टेबलाशी, चुलींकडे पाठ करून, वृषाली उभी. बाहेर जाणारी ताटं ती एकेक करून निरखत होती.

"प्रमोद, तुझं लोणी. उतरव," ती मान वर न करता म्हणाली.

मागच्या तिसऱ्या चुलीवरच्या मिशाळ माणसानं, तिच्या दुप्पट वयाच्या, मुकाट्यानं पॅन खाली घेतला. लोणी नुकतं तांबूस होत होतं. अहो, पाठ होती तिची! एवढ्या गदारोळात, नुसत्या चरचरीवरून!

मास्तरांच्या अंगावर काटा आला. ते लूमखात्याचे मास्तर. त्यांच्या खात्यात अठ्ठेचाळीस लूम एकदम धडधडायचे, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळायचं नाही. पण त्यातल्या एकाची चाल केसभर जरी बिघडली, तरी मास्तरांना ती दारातूनच ऐकू यायची. कितीक पोरं त्यांच्या हाताखालून गेली, एकालाही तो कान आला नाही. हा आपल्याबरोबरच जायचा, असं ते धरून चालले होते. तो इथं होता. पोरीकडे होता, आणि सहा वर्षं त्यांनी तिच्याकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात कुणीतरी भट्टीतून पावांचा पत्रा ओढला. वृषालीनं एक पाव उचलला, उलटा करून कानाशी नेला, बोटानं टकटक केलं, आणि मान डोलावली. मास्तर बघतच राहिले. म्हणजे पावही हिचाच. म्हणजे नेम मघाशीच मोडला होता, तोही तीनदा. त्यांना राग यायला हवा होता. पण हसूच यायला लागलं.

"आबा?" वृषालीनं त्यांना पाहिलं.

सगळं स्वयंपाकघर वळलं. तिची नजर आधी त्यांच्या हातातल्या ताटाकडे गेली आणि चेहरा उतरला. तिला वाटलं, जेवण परत करायला आले.

"नळ कोठे शे?" मास्तरांनी विचारलं.

भांडी घासणारा माणूस लगबगीनं ताट घ्यायला पुढे झाला. वृषालीनं त्याला नजरेनंच थांबवलं. तो कायदा तिच्या आईचा होता.

मास्तरांनी बाही सारली. ताट धुतलं, मागच्या बाजूनंही धुतलं, कारण मंगलाबाई मागची बाजूही तपासायच्या. पाणी निथळू दिलं. पण धुतलेल्या भांड्यांत ते ठेवलं नाही. पाळी सुटल्यावर कामगार मंगलाबाईंच्या दारात उभे राहायचे, तसे ते लेकीसमोर जाऊन उभे राहिले आणि ताट दोन्ही हातांनी पुढं धरलं.

"वाढ वं माय," ते म्हणाले. "माले भूक लागनी."