गिरणीची लय

"तुम्ही आमच्या स्वामीच्या मागं कुत्रं सोडलंय. न्हाईतर देवाचं नाव घेताना माणूस एवढा पळतो का?"

नीलाबाईनं मोबाईल तोंडासमोर भाकरीसारखा आडवा धरला होता. नवा अल्बम काढणाऱ्या कंपनीला कालपासूनचा तिचा हा कितवा तरी निरोप. आधीच्या एकालाही उत्तर आलं नव्हतं. कंपनी मोठी. शिरूर अनंतपाळजवळच्या खेड्यातल्या गिरणीवालीला उत्तर द्यायला तिथं कोण रिकामं बसलंय?

गिरणी सुरू होती. मोटर चालली की वरचा बल्ब पिवळा पडायचा, तसा पडला होता. त्याच वायरवरचा जुना टेप, पीठ बसून पांढरा झालेला, फळीवरून मृत्युंजय स्वामींचं भजन म्हणत होता. स्वामींची पहिली कॅसेट. गावात तेवढी एकच. डबे घेऊन आलेल्या बायका दळण होईस्तोवर ती ऐकायच्या, ऐकता ऐकता म्हणायला लागल्या, आणि त्यातूनच गावाचं महिला भजनी मंडळ उभं राहिलं. तेच भजन स्वामींनी नव्या अल्बममध्ये पुन्हा गायलं होतं. त्यावरून सकाळपासून गिरणीत दोन तट पडले होते.

नव्याच्या बाजूनं नीलाबाईची सून तनुजा. माहेर लोह्याचं, तोंडाला कुलूप नाही. तिचं म्हणणं, स्वामी आता कुठं मोकळे गायले. जुनं ऐकताना डबक्यातून म्हैस उठतीय असं वाटतं. जुन्याच्या बाजूनं मंडळातली महादेवी म्हणाली, म्हैस सावकाश उठते, पण बादलीभर दूध देते. तुझं नवं म्हणजे शेळी, नुसती बें बें. यावर सगळ्यात जोरात तनुजाच हसली.

नीलाबाई हसली नाही. संध्याकाळी महादेवाच्या देवळात स्वामींचा कार्यक्रम होता, आणि त्यांच्या मागं म्हणायला तिचं मंडळ बसणार होतं. पहिल्यांदाच. नव्या लयीत पळायचं तर साऱ्या गावासमोर फजिती. आणि नवंच बरोबर असेल, तर ती आजवर म्हणत आली ते काय होतं?

"आत्या, कंपनीला कशाला झापता," तनुजा म्हणाली. "संध्याकाळी स्वामींनाच विचारा की. का भ्या वाटतंय?"

संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं नाही. देवळाच्या कमिटीतला श्रीमंत नावाचा गडी स्वामींना घेऊन गिरणीतच आला. भांडण त्याच्या कानावर गेलं होतं, आणि फुकटचा तमाशा सोडणाऱ्यातला तो नव्हता. शरणार्थ, शरणार्थ म्हणत सगळ्या वाकल्या. कुणीतरी पोत्यावरचं पीठ झटकून स्वामींना बसवलं.

नीलाबाईनं चहाचंही विचारलं नाही. "स्वामी, आधी तुमचं जुनं ऐका. मग नव्याचं बोलू." आणि त्यांना नीट ऐकू यावं म्हणून तिनं मोटरीचं लाल बटण दाबलं.

हे तिनं कधी केलं नव्हतं. रोज दळण संपलं की ती सरळ मेन खाली ओढायची. गिरणी आणि टेप बरोबरच गप्प व्हायचे. गिरणी बंद आणि टेप चालू, असं त्या खोलीत आजवर घडलंच नव्हतं.

बल्ब पांढरा लख्ख झाला. आणि टेप पळाला. बारीक आवाज, भराभर शब्द. हुबेहूब नवा अल्बम.

नीलाबाईनं टेपला थाप मारली. फरक नाही. महादेवीनं हातातला डबा हळूच खाली ठेवला. मग एकेकीच्या डोक्यात उजेड पडला. वीज मोटर खायची, टेपला उरलंसुरलं मिळायचं, म्हणून तो रेंगाळायचा. इतकी वर्षं गाव ज्याला स्वामींच्या गळ्यातलं वजन म्हणत आलं, ते मोटरीचं ओझं होतं. कंपनीनं काही बिघडवलं नव्हतं. स्वामी पहिल्यापासून पळतच होते.

श्रीमंत पोट धरून हसायला लागला. "दळलेलं भजन म्हणत आलात की तुम्ही सगळ्या."

तनुजा जिंकली होती. पण सासूकडं बघून तिला त्याची मजा घेता येईना.

"म्हंजी आमचं सगळंच चुकलं," नीलाबाई म्हणाली.

स्वामी हसत नव्हते. ते टेपकडं बघत होते. "बाई, गिरणी सुरू करा."

तिनं हिरवं बटण दाबलं. बल्ब पिवळा झाला, टेप जड झाला, आणि सवयीनं बायकांची तोंडं उघडली. स्वामींनीही डोळे मिटून सूर धरला. भजन त्यांचंच, पण अर्ध्या ओळीत त्यांचा दम संपला. पुन्हा धरला, पुन्हा तुटला. बायकांची ओळ मात्र गिरणीच्या घरघरीवरून सरळ पुढं गेली, एका दमात, शेवटच्या शब्दापर्यंत. तीत तनुजाचाही आवाज होता. तिला ते ओळ संपल्यावर कळलं.

स्वामींनी उपरण्यानं घाम पुसला.

"इतकं सावकाश मला कधीच जमलं न्हाई," ते म्हणाले. "असं गायला पायजे होतं."

"ते राहू द्या." नीलाबाईनं हाताचं पीठ झटकलं आणि हात कमरेवर ठेवले. कंपनीला झापतानाचा आवाज परत आला होता. "संध्याकाळी कुणी कुणाच्या मागं म्हणायचं, ते सांगा आता."