कुरडयांची राखण

भानुदास मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता आणि त्याच्या मांडीवर बर्फ उपसायचं फावडं होतं.

वाळवंटातल्या फिनिक्स शहरात, एप्रिलच्या उन्हात, बर्फाचं फावडं! समोर जुन्या चादरीवर त्याच्या बायकोच्या, सुजाताच्या, कुरडया वाळत होत्या. एखादं कबुतर जवळ आलं की तो फावडं उगारून "हुश्श" करायचा. शेजारची गोरी बाई कुंपणावरून दोनदा डोकावून गेली.

सुजाता साचा फिरवत आणखी एक कुरडई घालत होती. बोटं बिनतक्रार चालली होती. मिशिगनमध्ये, ट्रॉयला असताना हीच बोटं दर हिवाळ्यात पांढरीफटक पडायची, आखडून जायची. कुकरचं झाकणसुद्धा भानुदासच लावायचा. तिथे एकदा तिने हौसेने बेसमेंटमध्ये पंख्याखाली कुरडया वाळवल्या, तर सगळ्यांना बुरशी आली. शेवटी तिच्या बोटांसाठीच भानुदासने २००५ सरता सरता तिथली मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडली आणि इथे साध्या इंजिनिअरची पत्करली. सुजाताला सुटल्यासारखं वाटत होतं. सकाळी दार उघडून नुसतं ऊन अंगावर घेतलं तरी तिचा दिवस चांगला जायचा.

पण ते फावडं तिला छळत होतं.

सामान बांधायला आलेली माणसंदेखील त्या फावड्याला हसली होती. भानुदासने मात्र हट्टाने ते ट्रकमध्ये चढवलं. का नाही चढवणार? या माणसाला बर्फाचं वेड. रात्रभर बर्फ पडला की हा गल्लीत सगळ्यांच्या आधी ड्राइव्हवेवर हजर. ती मदतीला निघाली की म्हणायचा, "तू झोप ना, मला मजा येते." आणि शिट्टी वाजवत उपसायला लागायचा. नागपूरला घरी फोन केला तरी बर्फाचंच कौतुक. अशा माणसाला आपण आपल्या बोटांपायी वाळवंटात आणून टाकलं, आणि तो बिचारा फावडं कुरवाळत बसलाय. आज तिला राहवलं नाही.

"अहो," साचा खाली ठेवत ती म्हणाली, "मला नाही सोसत इथलं ऊन. चला, परत जाऊ ट्रॉयला."

खोटं बोलताना तिने मान वर केली नाही.

फावडं धाडकन फरशीवर पडलं. कबुतरं उडाली.

"परत?" भानुदासचा चेहरा पार उतरला. "पुन्हा बर्फ? जाऊ, तू म्हणत असशील तर जाऊ. पण सुजाता, खरं सांगू? पहिल्या दिवसापासून मला त्या बर्फाचा राग येतो. कंबर मोडून जायची माझी."

"मग ती मजा? ती शिट्टी?"

"तसं केलं नसतं तर तू आली असती ना ग्लोव्हज घालून शॉव्हल करायला! त्या बोटांनी!"

सुजाताला हसू आणि रडू एकदमच आलं. गव्हाच्या चिकाने माखलेले दोन्ही हात तिने त्याच्यापुढे धरले, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"हे बघा. काही दुखत नाही. मला कुठ्ठं जायचं नाही. तुम्हाला बर्फाची आठवण येते असं वाटलं, म्हणून थाप मारली."

भानुदास खुर्चीत धपकन बसला. "बाप्पा! जीवच घेतला होता तू माझा!"

दोघंही हसत सुटली. तेवढ्यात तिची नजर पुन्हा फरशीकडे गेली.

"पण अहो, इतका राग येतो, तर एवढ्या लांब हे फावडं काहून आणलं?"

भानुदासने ते उचललं, शर्टाच्या टोकाने त्याची कड पुसली.

"तुला इथं करमलं नसतं, तर परत गेल्यावर लागलं असतं ना."