कोरी यादी

पुन्हा नुसतीच रिंग. आई फोन उचलत नव्हती.

थोरल्या लेकीने फोन टेबलावर उपडा ठेवला आणि स्क्रीनकडे पाहिलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात घालायचं बटण तिची कंपनी विकायची. दाबलं की इथे ऑफिसात नोंद व्हायची, बटणावर हिरवा दिवा लागायचा आणि मदतीची गाडी निघायची. आईच्या गळ्यातही तेच होतं. थोरलीनेच घातलं होतं. आईच्या नावापुढे आज एकही नोंद नव्हती.

"झोपली असेल," ती स्वतःशीच पुटपुटली.

"आज अख्ख्या शहरात कुणी बटणच दाबलं नाहीये, ताई," समोरचा टेस्टर हसला. "म्हातारी मंडळी सहलीला गेली वाटतं!"

"चूक एखादी?"

"तुझ्या चाळणीतून सुटतेय होय? चुकांची यादी कोरी करकरीत आहे."

ही चाळणी गेल्याच आठवड्यातली. नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसने एक नोंद नाकारली, कुणा आजोबांच्या बटणावर लाल दिवा लागला, त्यांच्या मुलाने तक्रार केली आणि साहेब खवळले. आजोबांचं पुढे काय झालं, हे त्यांनी विचारलंही नाही.

"लाल दिवा दिसता कामा नये! लोक घाबरतात. चूक झाली तर गुपचूप लिहून ठेवा, आपण इथून निस्तरू."

थोरलीने मान डोलावली. पगार घेणारी माणसं डोलावतातच. तिने कोड बदलला. काहीही बिघडो, दिवा हिरवाच. चूक मात्र टिपून ठेवायची, डेटाबेसमधल्याच एका यादीत. दुसरी जागा कोण शोधत बसणार? साहेबांनी पाठ थोपटली.

तिने पुन्हा आईला फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. मग शेजारच्या काकूंना लावला.

"काकू, आई फोन घेत नाहीये. जरा डोकावता का?"

"अगं, आंघोळीला गेली असेल! थांब, ठेवू नकोस, बघते."

काकूंच्या चपलांचा आवाज. दारावरची थाप. हाका.

तेवढ्यात सर्व्हर सांभाळणारा धापा टाकत आत शिरला. "साहेब कुठायत? डिस्क ठासून भरलीय! जुनं सगळं वाचता येतंय, पण सकाळपासून डेटाबेसमध्ये नवं एक अक्षर लिहिलं गेलेलं नाही. ना नोंदी, ना चुका, काहीच नाही!"

टेस्टरचं हसू मावळलं. थोरलीने कोऱ्या यादीकडे पाहिलं.

"ऐकतेस ना गं?" कानाशी काकूंचा आवाज आला. "दार आतून बंद आहे. खिडकीतून दिसतेय, खाली पडलीय ती. पण तू घाबरू नकोस. तिने बटण दाबलंय, हिरवा दिवा लागलाय."