उजवा पाय

"वहिनी, ह्या गाडीला क्लच न्हाय. काकांना आधी चार दिवस मोकळ्या मैदानात फिरवू दे," शोरूममधला गुंडू म्हणाला होता. "माणूस दचकलं की पायाखाली असंल त्येच दाबतंय. ब्रेक समजून."

वल्लरी हसली होती. "आमचे बाबा बत्तीस वर्षं गाडी चालवतायत. आणि मुहूर्त उद्याचा आहे."

दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेत, दारातच पूजा झाली. पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. बाबा, म्हणजे तिचे सासरे माधवराव, अनवाणीच आत बसले. सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, ओवाळलं आणि ताट घेऊन त्या पायरीशी सरकल्या.

बाबांनी ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी आपली आपण पुढे निघाली. ते गोंधळले. लिंबू फुटलं, तेवढ्यात वल्लरीची चार वर्षांची सई फोडलेल्या नारळाची कवड उचलायला चाकापुढे धावली.

वल्लरी किंचाळली. बाबांनी दचकून तिच्याकडे मान वळवली, आणि गाडीनं उडी घेतली.

आक्कांनी ताट टाकून सईला ओढलं. सई सुटली. आक्कांचा पाय बंपर आणि पायरीच्या मध्ये राहिला. पायरीला अडलेली गाडी नुसती गुरगुरत होती. ती थांबेना, म्हणून बाबा आणखी जोर लावत होते. वल्लरीच्या नवऱ्यानं, मोहितनं, दार उघडून वडिलांचा पाय दोन्ही हातांनी उचलला, तेव्हा कुठं आवाज बंद झाला.

"ब्रेकच दाबलाय की रं मी," बाबा म्हणाले. तेवढंच.

याला आता वीस दिवस झाले. आक्का प्लास्टरमध्ये आहेत, पण तोंड शाबूत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पाय माझा मोडलाय, आणि बसून हे राहिल्यात."

माणसं हसतात, आक्कांना शहाळं देतात, चहा पिऊन जातात. वल्लरी कप विसळत राहते. गुंडू काय म्हणाला होता, ते तिनं अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना तर नाहीच. रोज ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत जाते आणि परत येते.

तुम्हीही आक्कांना बघायला याल. याच. पण वल्लरीचं एवढं ऐका, निघण्याआधी आत डोकावून या. बाबा खिडकीशी खुर्चीत असतील. बोलले नाहीत तरी चालेल. फक्त त्यांचा उजवा पाय बघा, फरशीवर अजून तसाच दाबून धरलाय का.