आपल्या परिसराचा इतिहास

धायरीतल्या एका पॉश सोसायटीच्या वर्धापनदिनाला इतिहासाच्या प्राध्यापक आम्रपाली ओव्हाळ यांचं व्याख्यान झालं. गावच्या विहिरी, उसाची शेतं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमचा स्विमिंग पूल आहे ना, तिथे आमची बौद्धवस्ती होती. टॉवरसाठी सगळ्यांना उठवलं. माझ्या आत्याचं घर तिथेच होतं."

मग शाल, श्रीफळ, सेल्फी.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरींनी व्हिडिओ पाठवला. आम्रपालीने तो स्वतः न बघताच चंद्रभागाआत्याच्या भाड्याच्या खोलीत नेऊन लावला. आत्याने कौतुकाने शेजारणींनाही बोलावलं. विहिरी आल्या, ऊस आला आणि एकदम टाळ्या, शाल. व्हिडिओ संपला.

आम्रपालीने तिथूनच सेक्रेटरींना फोन लावला. स्पीकर चालू होता.

"मॅडम, लेक्चर एकदम सुपर्ब! शेवटचं तेवढं कापलंय. अहो, इथे लोकांना फ्लॅट विकायचे असतात."

शेजारणी एकेक करून उठल्या. आत्याने मोबाइलकडे बोट केलं.



"म्हंजी, हितनंबी उठवलं व्हय गं आपल्याला?"