दहा वाव पाणी

पोशा नाखवाने पांढरी थाळी दोरीला बांधून समुद्रात सोडली आणि हात पसरून एकेक वाव दोरी मोजायला लागला. दहा वावांच्या आत थाळी दिसेनाशी झाली, तरच यंदा जाळी टाकायची परवानगी मिळणार होती.

पाणी तापलं, आंबट झालं, तसं त्यातलं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ मेलं. मासळी उपाशी मेली आणि समुद्र काचेसारखा स्वच्छ झाला. गेली सहा वर्षं पोशा आणि त्याची लेक दमयंती मासे धरत नव्हते. उकाडा सोसणारं, प्रयोगशाळेत वाढवलेलं शेवाळ पिंपांनी समुद्रात ओतत होते. ते वाढून पाणी गढूळ झालं, की मासळी परतणार होती.

"आठ... नऊ... गेली! दमे, थाळी गेली! चल, जाळी काढू माळ्यावरनं!"

दमयंतीने वाकून बघितलं. "बा, मला दिसतेय."

"नीट बघ गो."

"तिच्या काठाचा टवका उडालाय, तो पण दिसतोय."

पोशाने डोळे चोळले, परत बघितलं. मग दोरी सावकाश वर ओढली.

"म्हणजे समुद्र नाही गढूळ झाला. माझा डोळाच झाला."

दमयंतीने पुढच्या पिंपाचं झाकण उघडलं.

पोशाने ओली थाळी तिच्यापुढे धरली. "पुढच्या वर्षी तू बघ. मी नुसती दोरी मोजतो."